पहिली कमाई, पहिला मालक

रमजानचा चाँद दिसला की महाराष्ट्रातल्या कित्येक बाजारपेठांत रात्रीचा दिवस होतो. मुंबईचा मोहम्मद अली रोड, भिवंडी, मालेगाव, छत्रपती संभाजीनगरचे शहागंज, सोलापूरची विजापूर वेस, नागपूरचा मोमिनपुरा; दुपारी पेंगणारे हे रस्ते असरच्या नमाजनंतर जागे होतात आणि तरावीहनंतर तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही. खजूर, फळे, शेवया, मालपुवे, कबाब, अत्तर, टोप्या, बांगड्या, चपला, तयार कपडे अशी कितीतरी दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. या बाजारावर दरवर्षी भरभरून लिहिले जाते, छायाचित्रे छापून येतात. मात्र त्या गर्दीत कलिंगडाच्या फोडी करणारा, सरबताचे ग्लास विसळणारा, गिऱ्हाइकाला चपलेचा सातवा जोड दाखवणारा आणि नको म्हटल्यावर सातही खोकी पुन्हा फळीवर रचणारा जो पोरगेला मुलगा असतो, त्याच्याविषयी क्वचितच कुणी लिहितो.

त्यातल्या अनेकांच्या आयुष्यातली ही पहिली नोकरी असते. ती महिनाभराचीच असते. दुकानदाराला जादा हात हवे असतात आणि मुलाला ईदचे कपडे हवे असतात. घरात खर्च वाढलेला असतो, त्याला थोडा हातभार लागेल असेही वाटते. ओळखीतून शब्द टाकला जातो, मुलगा दुसऱ्या दिवसापासून दुकानावर उभा राहतो. चाँदरातीला हिशेब होतो आणि ईदनंतर तो परत शाळा-कॉलेजात जातो, किंवा जात नाही. एवढ्या छोट्या गोष्टीचा काय एवढा विचार करायचा, असे कुणालाही वाटेल. पण काम म्हणजे काय, मालक म्हणजे काय, मजुरी म्हणजे काय, याविषयीचे माणसाचे पहिले मत याच तीस दिवसांत तयार होते आणि ते पुढे लवकर पुसले जात नाही.

शाळेच्या पुस्तकात श्रमप्रतिष्ठेचा धडा असतो. तो वाचून श्रमाला प्रतिष्ठा असते हे परीक्षेत लिहिता येते. ती खरोखर असते की नाही, हे मात्र मुलाला पहिल्या कामावर कळते. त्याच्या कामाला दाम आहे का, त्याच्या वेळेची कुणाला किंमत आहे का, चूक झाली तर समजावून सांगतात की चारचौघांत पाणउतारा करतात, दिलेला शब्द पाळतात की फिरवतात, हे सगळे तो पाहत असतो. तो बोलत नाही, कारण त्याला बोलायची मुभा नसते. पण तो शिकत असतो.

दोन दुकाने, दोन धडे

शिवणकामाच्या दुकानाचे उदाहरण घ्यावे. रमजानच्या पहिल्या पंधरवड्यातच अनेक टेलर नवीन कपडे घेणे बंद करतात, कारण घेतलेलेच ईदपर्यंत पुरे करायचे असतात. अशा वेळी हाताखाली घेतलेला मुलगा धागे कापतो, काज-बटन करतो, इस्त्री करतो, चहा आणतो. एका दुकानात उस्ताद त्याला रोज थोडा वेळ चिंधीवर मशीन चालवू देतो. शिलाई वाकडी गेली तर उसवून दाखवतो आणि पुन्हा करायला लावतो. दुसऱ्या दुकानात तोच मुलगा महिनाभर चहाच आणतो आणि रोज त्याला ऐकवले जाते की त्याच्याने काही होणार नाही. दोघांनाही शेवटी सारखेच पैसे मिळाले असे धरू. तरीही पहिला मुलगा हुनर नावाची गोष्ट असते आणि ती आपल्यालाही येऊ शकते, एवढे घेऊन घरी जातो. दुसरा एवढेच शिकतो की काम म्हणजे कुणाचे तरी ऐकून घेणे. पुढे तो कुठेही गेला तरी काम टाळण्याकडे त्याचा कल राहिला, तर लोक म्हणतात, आजकालच्या मुलांना कष्ट नकोत.

नावाचीच गोष्ट पाहा. गॅरेजमध्ये, चहाच्या टपरीवर, हॉटेलात नव्या मुलाचे नाव पहिल्याच दिवशी जाते. तो छोटू होतो, बारक्या होतो. त्यात कुणाचा वाईट हेतू असतोच असे नाही, कधी त्यात मायाही असते. पण ज्या मुलाला शाळेच्या हजेरीत नाव आहे, घरी नाव आहे, त्याला कामाच्या जागी नाव नाही, याचा अर्थ त्याच्यापर्यंत पोहोचतोच. छोटू उद्या गेला तर त्याच्या जागी दुसरा छोटू येतो. जिथे माणूस असा सहज बदलता येतो, तिथे मन लावून काम कशासाठी करायचे, हा प्रश्न त्या मुलाला पडला तर तो चुकीचा म्हणता येणार नाही.

सचोटीचा धडाही इथेच मिळतो. खजुराच्या पेटीत वरच्या थराला टपोरी आणि खाली दबलेली खजूर रचण्याचे काम बहुतेक वेळा या मुलाकडेच असते. सांगणारा मालक असतो, हात मुलाचे असतात. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आतले धान्य ओले लागले आणि त्यांनी विक्रेत्याला जाब विचारला, ही हदीस मदरशात आणि बयानांत सगळ्यांनी ऐकलेली असते. मुलानेही ती ऐकलेली असते. दुपारी ती ऐकायची आणि संध्याकाळी पेटी तशी रचायची, यातून त्याने काय समजायचे? धर्म मशिदीत आणि धंदा दुकानात, असेच तो समजतो. रोजा असल्याची शपथ घेऊन गिऱ्हाइकाला खोटा भाव सांगणारा माणूस त्याने पहिल्याच नोकरीत पाहिला, तर पुढच्या अनेक बयानांनी तो ठसा जाणे कठीण आहे. याउलट, डाग असलेला कपडा स्वतःहून दाखवून कमी भावात देणारा दुकानदार त्याला भेटला, तर तेही तो विसरत नाही.

किती काम, कसले काम

किशोरवयातल्या कामाचा पुढच्या आयुष्यावर काय परिणाम होतो, यावर अमेरिकेत बराच अभ्यास झाला आहे. १९८६ मध्ये एलेन ग्रीनबर्गर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी शाळकरी मुलांच्या नोकऱ्यांवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. कामाने मुलांना शिस्त लागते, हा तिथला सर्वमान्य समज त्यांनी तपासला. कंटाळवाणे, काही न शिकवणारे काम जास्त तास करणाऱ्या मुलांत कामाविषयी आदर वाढण्याऐवजी तुच्छता वाढते, असा इशारा त्यांनी दिला. पुढे जेलन मॉर्टिमर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल शहरातल्या सुमारे एक हजार विद्यार्थ्यांचा १९८८ पासून अनेक वर्षे मागोवा घेतला. आठवड्याला वीस तासांच्या आत, पण नियमित काम करणारी मुले शिक्षणात मागे पडली नाहीत, उलट पुढे चांगली उभी राहिली, असे त्यांना आढळले. काम किती याइतकेच ते कसले आहे, त्यात काही शिकायला मिळते का, हेही त्यांनी महत्त्वाचे मानले.

अमेरिकेतली परिस्थिती वेगळी, तिथली मुले वेगळी, हे खरे. पण हिशेब करून पाहायला हरकत नाही. संध्याकाळी पाचला दुकानावर गेलेला मुलगा पहाटे तीनला सुटला तर दहा तास झाले. आठवड्याचे सत्तर. तेही रोजा धरून, झोप मोडून. त्यात गेल्या काही वर्षांपासून रमजान नेमका दहावी-बारावीच्या परीक्षांच्या दिवसांत येतो आहे. चांद्रवर्षामुळे तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, त्यामुळे परीक्षा आणि रमजान यांची ही गाठ कधीतरी सुटेल. पण ज्या मुलाची दहावी याच वर्षी आहे, त्याला दहावी एकदाच असते. पेपरच्या आदल्या रात्री स्टॉलवर उभा राहिलेला मुलगा नापास झाला तर तो पुन्हा शाळेकडे वळेल याची खात्री कोण देणार? हातात रोख पैसे आलेले असतात आणि गुणपत्रिका हातात यायची असते. त्या वयात जवळचे पैसे मोठे दिसतात.

आम्हीही असेच शिकलो

या सगळ्यावर बाजारातले एक उत्तर ठरलेले आहे. मालक म्हणतो, आम्हीही असेच शिकलो. उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या, फळीखाली झोपलो, म्हणून आज स्वतःचे दुकान आहे. हे उत्तर खोटे नाही. कष्टाने वर आलेल्या माणसाचा अनुभव धुडकावता येत नाही. पण तो अर्धाच आहे. शिव्या खाऊन टिकलेला माणूस आज दुकानात बसून हे सांगतो. त्याच्याच बरोबर कामाला लागलेले आणि त्याच शिव्यांना कंटाळून तो धंदा, ते हुनर, कधी शिक्षणही सोडून गेलेले मुलगे हे सांगायला दुकानात नाहीत. कितीजण गेले हे कुणी मोजले नाही. चांगला कारागीर मिळत नाही, पोरे टिकत नाहीत, अशी ओरड आज प्रत्येक बाजारात आहे. ती करणाऱ्यांनी पोरांना टिकावेसे वाटेल असे काही पहिल्या महिन्यात मिळाले होते का, हेही विचारायला हवे.

उस्ताद या शब्दाला उर्दूत मोठा मान आहे. शाळेतला शिक्षक उस्ताद असतो, गवयाचा गुरू उस्ताद असतो आणि गॅरेजमध्ये पाना हातात देणाराही उस्तादच असतो. भाषेने तिघांना एकच शब्द दिला, कारण तिघांकडून अपेक्षा एकच आहे. जवळचे ज्ञान पुढच्या हातात द्यायचे. हा मान घ्यायचा आणि मुलाला मात्र फक्त चहा आणायला ठेवायचे, हे त्या शब्दाला शोभत नाही.

इस्लामी परंपरेत याचे नमुने शोधायला लांब जावे लागत नाही. पैगंबर (स.) यांनी स्वतः तरुण वयात मक्केतल्या लोकांच्या शेळ्यामेंढ्या मजुरीवर राखल्या होत्या, पुढे हजरत खदीजा यांचा माल घेऊन व्यापाराला गेले होते. म्हणजे दुसऱ्याच्या हाताखालचे काम त्यांनी केले होते. नंतर मदीनेत हजरत अनस हे दहाएक वर्षांचे असताना त्यांच्या सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. या दहा वर्षांत आपल्याला एकदाही उफ् म्हटले गेले नाही, हे का केलेस आणि ते का केले नाहीस असे कधी दरडावून विचारले गेले नाही, अशी आठवण हजरत अनस यांनी सांगितली आहे. दहा वर्षांच्या पोराकडून चुका झाल्याच नसतील असे थोडेच आहे? चुका झाल्या असणार. पण मोठेपणी त्यांच्या लक्षात राहिली ती चुकांना मिळालेली वागणूक.

कुरआनात हजरत मूसा यांची हकीकत येते. मिस्र सोडून मदयनला आलेला एक परका तरुण विहिरीवर दोन मुलींच्या जनावरांना पाणी पाजून देतो. त्यांचे वडील त्याला बोलावून घेतात, कारण त्या कामाचा मोबदला द्यायचा असतो. मुलगी सुचवते की याला कामावर ठेवा, हा बळकट आहे आणि विश्वासू आहे. मग निकाहाच्या बोलण्याबरोबर कामाची मुदतही ठरते. आठ वर्षे, दहा केली तर ती त्याची खुशी. आणि ते वडील स्वतःहून सांगतात की तुझ्यावर अवघड ओझे टाकण्याचा माझा इरादा नाही. काम सुरू होण्याआधी मुदत ठरली, मोबदला ठरला, बंधनकारक किती आणि ऐच्छिक किती हेही ठरले. परक्या, गरजू, निराधार तरुणाशी एवढी स्पष्ट बोली झाली. आजच्या बाजारात ओळखीच्या माणसाच्या मुलाला कामावर ठेवताना पैशांचे विचारले तर उत्तर मिळते, घरचाच आहेस, ईदला खूश करून टाकू. खूश करणे ही मेहेरबानी झाली. बोली ही वेगळी गोष्ट आहे आणि मुलाला तिची गरज आहे.

मजुरी आणि जकात

इथे एक नाजूक पण महत्त्वाचा मुद्दा येतो. रमजान हा जकातीचा महिना आहे. दुकानदार जकात काढतो आणि हाताखालचा मुलगा गरीब घरातला असेल तर त्यालाही देतो. त्यात गैर काही नाही. पण ही रक्कम देताना त्याची मजुरी कमी धरली, किंवा एवढे दिले ना, मग जास्तीच्या तासांचे कशाला मागतोस असे म्हटले, तर हिशेब बिघडतो. जकात ही मजुरीच्या बदल्यात देता येत नाही, याबाबत उलेमांत शंका नाही. मजुरी हा कामाचा हक्क आहे, तो आधी पुरा करायचा. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण तर प्रत्येकाच्या तोंडी असते. तिला चाँदरातीपर्यंत थांबायला लावायचे कारण नाही. आठवड्याला हिशेब करता येतो.

मुलाच्या बाजूने याचा अर्थ आणखी खोल आहे. आपण कमावले, ही भावना एकदाच पहिल्यांदा येते. त्या पैशाला दानाचा वास लागला तर ती भावना जाते. हात पुढे करून घेतलेले आणि हाताने कमावलेले यांतला फरक ज्याला पहिल्याच वेळी कळला, तो मुलगा पुढे कुणाच्या दारात उभा राहायला कचरतो. समाजातली गरिबी जकातीने थोडी हलकी होते. पण स्वतःच्या कमाईचा अभिमान बाळगणारे तरुण तयार झाले तर ती पुढच्या पिढीत उरतच नाही. तेव्हा मजुरी वेळेवर आणि पुरी देणे हेही मोठे सत्कार्य आहे. त्याचे फलक लागत नाहीत, एवढेच.

काही दुकानदार पैसे मुलाच्या हातात न देता वडिलांकडे देतात. पोरगा उडवून टाकील, अशी काळजी त्यामागे असते. त्यापेक्षा रक्कम वडिलांना कळवावी आणि पैसे मुलाच्या हातात द्यावेत. तो ते आईच्या हातात ठेवील की चपला घेईल, हे ठरवण्याचा त्याचा तो पहिला प्रसंग असतो. चुकला तर घरचे आहेतच.

ज्या कामाला काम म्हणत नाहीत

मुलींची गोष्ट याहून वेगळी आहे. मुलगी सहसा स्टॉलवर दिसत नाही. ती घरात असते. ओढण्यांना मोती-टिकल्या लावणे, जरीचे भरतकाम, बांगड्यांवर खडे बसवणे, मालाचे पॅकिंग अशी नगावरची कामे ईदच्या आधी घरोघरी येतात. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालात मुस्लिम स्त्रियांमध्ये घरबसल्या कामाचे प्रमाण इतरांहून जास्त असल्याची नोंद आहे. आईच्या नावावर आलेल्या या कामात मुलीचे हात असतात, पण नगाचे पैसे आईच्या हिशेबात येतात आणि तो हिशेब आणणारा-नेणारा मध्यस्थ ठरवतो. मुलगी काय करते असे विचारले तर घरचेच सांगतात, काही नाही, घरीच असते. त्यातच इफ्तार आणि सहरीचा स्वयंपाकही तिच्याच वाट्याला.

मुलाला निदान आपण काम करतो हे ठाऊक असते. मुलीला तेही ठाऊक नसते. आपल्या तीन तासांचे मोल किती, एका नगाला किती मिळाले पाहिजे, हे तिने कधी मोजलेले नसते. पुढे शिकून ती नोकरीला लागली तरी पगाराचे बोलणे करताना तिची जीभ अडखळते, आणि लग्नानंतर नोकरी सोडायची वेळ आली तर फार काही गेले असे तिला वाटत नाही. म्हणून आईने एक वही करावी. कुणी किती नग केले ते त्यात लिहावे आणि मुलीच्या वाट्याचे पैसे, थोडे का असेनात, तिचे म्हणून तिला द्यावेत. यासाठी कुठल्या योजनेची वाट पाहावी लागत नाही.

पांढरपेशांची चूक

बाजारातल्या मालकांचे दोष दाखवून सुशिक्षित घरांनी समाधान मानायचे कारण नाही. तिथे नेमकी उलटी चूक होते. मुलाने फक्त अभ्यास करावा, बाकी कशाला हात लावू नये. मग बावीस-तेविसाव्या वर्षी पदवी घेऊन तो पहिल्यांदा कामाच्या जागी जातो आणि साहेबाच्या पहिल्या टोकणीने खचतो. गिऱ्हाइकाशी कसे बोलावे, वेळ कशी पाळावी, न आवडणारे काम कसे पुरे करावे, हे त्याला कुणी शिकवलेलेच नसते.

महाराष्ट्रात हा विचार नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि विद्यार्थ्यांना श्रम करून शिकायला लावले. त्यातूनच कमवा आणि शिका ही वाट रुळली. १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या नई तालीमचा आराखडा ठरला. तो करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन. हाताच्या कामातून शिक्षण द्यायचे, ही त्यामागची कल्पना. भाऊराव आणि झाकीर हुसेन यांच्या योजनांत काम होते, पण ते शिक्षणाला पुरे पडावे म्हणून होते, शिक्षण गिळावे म्हणून नव्हते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकावे, अशी कल्पना आहे. पदवीच्या अभ्यासक्रमात आता प्रत्यक्ष कामाच्या अनुभवाला श्रेयांक आहेत. राज्य सरकारने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तीत बारावी उत्तीर्णांना महिना सहा हजार, आयटीआय-पदविकाधारकांना आठ हजार आणि पदवीधरांना दहा हजार रुपये विद्यावेतन ठरले. कागदावर हे सगळे चांगले आहे. पण इथेही प्रश्न तोच आहे की मुलाला पहिल्या दिवशी काय दिसते. कार्यालयात त्याला खुर्ची दिली आणि काम दिलेच नाही, तर काम म्हणजे हजेरी हे तो शिकतो. एखाद्या ओळखीच्या फर्मचे प्रमाणपत्र न जाताच आणून त्याने श्रेयांक मिळवले, तर काम न करताही कागद मिळतो हे तो शिकतो. शिव्या खाणाऱ्या छोटूइतकेच हेही नुकसान आहे. छोटूला निदान घामाची चव कळते.

कायदा आणि त्यापलीकडे

कायदा याबाबत स्पष्ट आहे. १९८६ चा बालकामगार कायदा २०१६ मध्ये दुरुस्त झाला. त्यानुसार चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळेच्या वेळेनंतर आणि सुटीत, धोका नसलेल्या कामात, स्वतःच्या कुटुंबाच्या व्यवसायाला मदत करण्याची मोकळीक आहे. चौदा ते अठरा वयाच्या किशोरांना धोकादायक उद्योगांत ठेवता येत नाही. इतर ठिकाणीही विश्रांती धरून दिवसाचे सहा तास ही मर्यादा आहे, सलग तीन तासांनंतर तासाभराची विश्रांती हवी, आठवड्याची सुटी हवी, आणि रात्री सात ते सकाळी आठ या वेळात कामाला ठेवायला मनाई आहे. म्हणजे रमजानचा रात्रीचा बाजार अठरा वर्षांखालच्या मुलासाठी नाहीच.

बाजारात या कायद्याची आठवण होते ती तपासणीच्या भीतीने. पण तो नीट वाचला तर त्यात शहाणपणच आहे. सोळा वर्षांच्या मुलाला काम हवे असेल तर सकाळी माल लावणे, पॅकिंग, यादीप्रमाणे माल मोजणे, शिवणकामाच्या दुकानात दिवसाची पाळी, अशी कामे असतात. रात्रीची पाळी अठरा पुऱ्या केलेल्यांची. वाढत्या अंगाला झोप लागते आणि अभ्यास करणाऱ्या डोक्याला त्याहून जास्त. हाताखालच्या माणसावर त्याच्या ताकदीपलीकडचे ओझे टाकू नये, टाकलेच तर स्वतः हात लावावा, ही हदीसची शिकवण आणि हा कायदा यांत अंतर फार थोडे आहे.

बाकीचे तर कुठल्याही दुकानात आजपासून करता येण्यासारखे आहे. पहिल्याच दिवशी पैसे, वेळ आणि काम ठरवून सांगावे. मुलाला त्याच्या नावाने हाक मारावी. रोज एक गोष्ट शिकवावी. गल्ला कसा मोजतात, कापड कसे ओळखतात, उधारीची वही कशी ठेवतात, काहीही. रागवायचे तर गिऱ्हाईक गेल्यावर. इफ्तारच्या वेळी त्याने मालकाच्या बरोबरीने बसावे, सगळ्यांचे झाल्यावर नव्हे. दहावी-बारावीच्या मुलाला परीक्षेपर्यंत कामावर घेऊ नये आणि घर अडचणीत असेल तर त्या महिन्याची मदत वेगळी करावी. मशिदीच्या विश्वस्तांना आणि व्यापारी संघांना हे आवाहन एका जुम्याला करता येईल. शाळा-कॉलेजांनीही ईदनंतर वर्गात मुलांना विचारावे की महिनाभर कुठे काम केले, काय शिकलात, काय खटकले. कामावर गेलेला मुलगा वर्गात लपून राहतो, कारण त्याला ते कमीपणाचे वाटते. त्याच्या अनुभवाला वर्गात जागा मिळाली तर तो कमीपणा जाईल आणि फसवणूक झाली असेल तर तेही कुणाला तरी कळेल.

तरुण काम करायला तयार नाहीत, ही तक्रार प्रत्येक पिढी पुढच्या पिढीबद्दल करते. पण कामाविषयीची त्यांची मते आकाशातून पडत नाहीत. कुणीतरी पहिला मालक असतो, पहिला उस्ताद असतो, पहिली मजुरी देणारा हात असतो. या महिन्यात महाराष्ट्रातल्या असंख्य दुकानदारांकडे हे स्थान आपोआप चालून आले आहे. ईदनंतर खजुराचे आणि कपड्यांचे हिशेब मिटतील. मुलगा मात्र जे शिकला ते घेऊन पुढची चाळीस वर्षे काम करणार आहे आणि एक दिवस त्याच्या हाताखालीही कुणीतरी मुलगा येणार आहे.